मधलं मऊ

इंजिनचं तेल जिथे दिसतं तिथून ते क्वचितच गळत असतं. गळती वर असते, डाग खाली पडतो. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या कडेतून सुटलेला थेंब हेडच्या अंगावरून उतरतो, ब्लॉकच्या फुगवट्याला वळसा घालतो, एखाद्या बोल्टच्या डोक्याशी थबकतो, गाडी धावत असली तर वाऱ्याने मागे रेटला जातो आणि शेवटी चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, अगदी तळाशी येऊन फरशीवर टपकतो. सकाळी पार्किंगमधला काळा ठिपका बघून माणूस साहजिकच म्हणतो, चेंबर गळतोय. चेंबरचं पॅकिंग बदललं जातं, पैसे जातात, ठिपका राहतो. म्हणून शोधताना नजर खालून वर न्यायची. सगळ्यात वरची ओली जागा कोणती, एवढाच प्रश्न विचारायचा.

ती जागा लगेच सापडत नाही. तेलावर रस्त्याची धूळ बसते, त्या धुळीवर पुन्हा तेल चढतं आणि वर्षानुवर्षांचा काळा चिकट थर इंजिनच्या अंगावर धरतो. आधी तो काढायचा. पूर्वी याला रॉकेल असे. आता रॉकेल मिळणं दुरापास्त, तेव्हा इंजिन पूर्ण थंड असताना वाटीभर डिझेल आणि रंगाचा जुना ब्रश. ब्रश कोपऱ्याकोपऱ्यातून फिरतो, खाली पसरलेल्या पुठ्ठ्यावर काळे ओघळ उतरतात आणि इतके दिवस न दिसलेला धातूचा राखाडी रंग वर येतो. चिंध्यांनी पुसून, नीट वाळवून संशयाच्या जागांवर घरातलीच टाल्कम पावडर भुरभुरायची. मग गाडी थोडी फिरवून आणायची. परतल्यावर बॉनेट उघडलं की त्या पांढऱ्या अंगावर एक तपकिरी रेघ उमटलेली असते. तिच्या वरच्या टोकाशी गळती. अनुभवी मिस्त्रीही याहून वेगळं काही करत नाहीत, आणि जे ही पायरी गाळतात त्यांच्या हाती गाडी द्यायला माझं मन घेत नाही.

गळतीच्याही पायऱ्या असतात. कव्हर आधी नुसतं ओलसर दिसतं, मग पाझरू लागतं, मग थेंब धरतं. ओलसर असतानाच लक्ष दिलं तर काम कव्हरपाशी संपतं. थेंब धरेपर्यंत थांबलं तर तेल खाली येता येता तारांवर, रबरी होजवर, टायमिंग बेल्टवर पसरतं. इंजिन ऑइल यातल्या बऱ्याच रबरांना सोसत नाही. ती फुगतात, भुसभुशीत होतात. गरम एक्झॉस्टवर पडलेला थेंब जळतो आणि सिग्नलला उभं असताना काच खाली केली की करपट वास आत येतो. गाडी म्हातारी झाल्याची खूण म्हणून पुष्कळ जण या वासाशी जुळवून घेतात. मला ते पटत नाही. वर कुठेतरी रबराची एक पट्टी कडक झाली आहे, एवढाच त्या वासाचा अर्थ असतो.

माझी गाडी मारुती 800, कार्बुरेटरची, माझ्या वडिलांनी, अण्णांनी घेतलेली. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुतीची चावी दिली, तो फोटो आमच्या पिढीने वर्तमानपत्रांत पुनःपुन्हा पाहिला आहे. जानेवारी 2014 मध्ये या गाडीचं उत्पादन थांबलं. आता पंधरा वर्षांनंतरची नोंदणी, पर्यावरण कर, दर पाच वर्षांनी फिटनेस, हे सगळं करून ती मी वापरते. तीन सिलिंडर, 796 सीसी, वर एकच कॅमशाफ्ट. बॉनेट उघडलं की सगळं हाताला येतं, हात घालायला जागा राहते, आणि कोणता पाइप कुठून कुठे जातो ते डोळ्यांनी माग काढून कळतं. घरी काम शिकायला याहून मोकळं इंजिन मला माहीत नाही.

सुट्या भागांसाठी पुण्याची नाना पेठ. दुकानदाराने माझ्या तोंडून ‘टॅपेट कव्हरचं पॅकिंग’ ऐकलं आणि फक्त एवढंच विचारलं, “ताई, कार्बुरेटरची की एमपीएफआय?” 2000च्या सुमाराला आलेल्या एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीचं हेड वेगळं, सिलिंडरमागे चार व्हॉल्व्हचं, तिचं पॅकिंग हिला बसत नाही. योग्य प्रश्न विचारणाऱ्या दुकानदाराकडून वस्तू घेताना बरं वाटतं. त्याने मागच्या फळीवरून पाकीट काढलं, रबर बोटांत वाकवून दाखवलं आणि म्हणाला, “बोल्टखालचे वॉशरपण घेऊन जा. लोक पॅकिंग बदलतात आणि वॉशर जुनेच ठेवतात, मग तिथून पाझरतं.” ते खरं आहे. कव्हर आवळणाऱ्या बोल्टच्या डोक्याखाली रबरी वॉशर असतात आणि त्यांनी पॅकिंगइतकीच उष्णता सोसलेली असते.

दोन धातूंच्या मध्ये हे मऊ काहीतरी लागतंच का? दोन्ही बाजू मशीनवर घासून सपाट केलेल्या असतात, बोल्ट पोलादी असतात, मग तेल अडायला काय हरकत? याचं उत्तर मला लहानपणी, अण्णांच्या कारखान्यात मिळालं. अण्णा टूलरूममध्ये फिटर होते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असे आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडत. लेथला झेंडूचे हार, ड्रिलवर हळदकुंकू, आणि एका कोपऱ्यात लाकडी झाकण घातलेली, सपाटपणा ताडायची सरफेस प्लेट. अण्णांनी झाकण काढून तिच्यावर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात फिरवला आणि नुकताच ग्राइंडिंग झालेला एक ठोकळा त्यावर हलकेच सरकवून उलटा केला. मला आरशासारख्या दिसणाऱ्या त्या पृष्ठभागावर निळे ठिपके उठले होते, विखुरलेले, तुटक. “जिथे निळं आहे तिथेच हा टेकतो,” अण्णा म्हणाले. “बाकी सगळी हवा.”

मग स्क्रेपरने ते उंचवटे तासायचे, पुन्हा निळं लावायचं, पुन्हा तासायचं. सपाटपणा असा ठिपक्याठिपक्याने येतो. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने 1840 मध्ये खऱ्या सपाट पृष्ठभागांविषयी जे मांडलं, त्यातली एक गोष्ट अण्णा फार आवडीने सांगत: दोन प्लेटा एकमेकींशी घासून सपाट होत नाहीत, कारण एक खोलगट आणि दुसरी तितकीच फुगीर असली तरी त्या तंतोतंत जुळतात. तिसरी प्लेट आणली, तिन्ही आळीपाळीने एकमेकींशी ताडून पाहिल्या, तरच खोटेपणा उघडा पडतो.

मोटारीच्या हेडला आणि त्याच्या कव्हरला इतकी मेहनत कोण घेणार? आणि घेतली तरी इंजिन तापलं की अ‍ॅल्युमिनियम पसरतं, निवलं की आक्रसतं. दोन भाग एकसारखे तापत नाहीत म्हणून एकसारखे हलतही नाहीत. ती हालचाल केसाहून बारीक, पण गरम तेलाला तेवढी फट पुरते. तिथे जे मध्ये बसेल त्याने दाबलं गेलं पाहिजे आणि दाब किंचित सैल होताच परत वर उठून फट भरली पाहिजे. पॅकिंग तेल अडवतं ते या परत उठण्याच्या बळावर. अडवण्यापुरता कडकपणा धातूत हवा तेवढा असतो. कमी पडतो तो हा परत उठण्याचा गुण.

मामांच्या प्रीमियर पद्मिनीत हे काम बुचाचं असे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी. मामांच्या मिस्त्रीच्या पेटीत बुचाची पॅकिंगं सुतळीने बांधून ठेवलेली असत. पाण्याच्या पंपासारख्या भागांसाठी तो तपकिरी पॅकिंग पेपर थेट त्या भागावर धरायचा आणि गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके देत जायचा. धातूची धारच कागद कापत जाई आणि थोड्या वेळात त्या भागाची नेमकी आकृती त्याच्या हातात येई. बोल्टच्या भोकांवर तो छऱ्याची गोळी ठेवून एक ठोका मारी. मोजपट्टी नाही, पेन्सिल नाही. 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या टॅक्सींतून पद्मिनी कायमची गेली. त्या हातोडीचं काम करणारेही आता थोडेच राहिले असतील.

बूच म्हणजे भूमध्य समुद्राच्या पश्चिमेकडच्या ओक जातीच्या एका झाडाची साल. पोर्तुगालमध्ये ती सर्वांत जास्त निघते. झाड तोडत नाहीत. सोलून घेतलेली साल साधारण नऊ वर्षांनी पुन्हा भरते. रॉबर्ट हूकने 1665 साली सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहून पेशी हा शब्द विज्ञानाला दिला ते याच बुचाचे पातळ काप होते, बंद कप्प्यांची हवेने भरलेली ओळच्या ओळ. पुढे स्प्रिंगचा, म्हणजे ताण आणि परतीच्या बळाचा नियमही त्यानेच मांडला. टॅपेट कव्हरखाली चिरडलं गेलेलं बूच हातात घेतलं की मला हा माणूस आठवतो, कारण पॅकिंगच्या कामात त्याचे हे दोन्ही शोध एकत्र येतात: ते बंद कप्पे दाबले जातात आणि त्यांतली हवा परत रेटते.

बूच आणि रबर यांच्यात एक मोठा फरक आहे, आणि तो माहीत नसल्यामुळे पुष्कळ पॅकिंगं वाया जातात. बूच दाबलं की आतल्या आत लहान होतं, बाजूला फुगत नाही. रबराचं तसं नाही. रबराचं आकारमान दाबून कमी होत नाही. वरून दाबलं की ते बाजूला जागा शोधतं. म्हणून रबरी पॅकिंगची खोबण पॅकिंगपेक्षा थोडी मोठी ठेवलेली असते. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला की खोबण भरते, मग रबर कडेने बाहेर येतं, तिथे कापलं जातं, आणि ज्या गळतीच्या भीतीने आवळलं तीच गळती तिथून सुरू होते.

आणि रबर म्हातारं कसं होतं? स्वयंपाकघरात बघा. कुकरची रिंग काही वर्षांनी कडक होते, दाबली तर दबते पण उठत नाही, आणि झाकणाच्या कडेने वाफ सुटते. इंजिनच्या पॅकिंगचं नेमकं हेच होतं. चार्ल्स गुडइयरने 1839 मध्ये गंधक आणि उष्णता देऊन रबराच्या लांबलचक रेणूंना एकमेकांत बांधलं, म्हणून ते चिकट न राहता लवचीक झालं. पण इंजिनच्या उष्णतेत ही बांधणी चालूच राहते. गाठी वाढत जातात, मऊपणा देणारी द्रव्यं तेलात विरघळून जातात. ज्या क्रियेने रबर कामाचं झालं तिनेच ते निकामी होतं. जुनं पॅकिंग खोबणीतून काढलं की ते काळ्या प्लॅस्टिकच्या काडीसारखं कडकन मोडतं, आणि त्याची वरची बाजू हेडचा ठसा घेऊन सपाट झालेली असते.

कव्हर उघडण्याचा क्षण मला या सगळ्या कामात सर्वांत प्रिय आहे. एअर फिल्टरचा डबा बाजूला होतो, ब्रीदर पाइप निघतो, दहा नंबरचा पाना बोल्टवर बसतो. बोल्ट निघाले तरी कव्हर सुटत नाही. पॅकिंगने ते धरून ठेवलेलं असतं. इथे स्क्रू ड्रायव्हर खुपसायचा नाही. अ‍ॅल्युमिनियमवर पडलेला ओरखडा म्हणजे तेलाला कायमची वाट. तळहाताने बाजूंवर थापा द्यायच्या, आणि एकदा ते हलतं. आत कॅमशाफ्ट आडवा, त्याच्या बाजूंना रॉकर, आणि सगळ्यांवर तेलाची ओली चकाकी. जिथे तेल वेळेवर बदललं गेलं तिथे धातूवर सोनेरी तपकिरी झाक असते. जिथे हयगय झाली तिथे काळा गाळ. अण्णांच्या गाडीत ती झाक सोनेरी होती. ते गेल्यावर त्यांच्याविषयी चांगलं बोलणारे पुष्कळ भेटले, पण त्यांनी एखादी गोष्ट कशी सांभाळली याचा इतका स्वच्छ पुरावा मला दुसरीकडे मिळाला नाही.

क्रँक मिनिटाला 3000 फेरे घेतो तेव्हा हा कॅम 1500 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पंचवीस. खालचा पंप तेल वर चढवतो, ते कॅमवर, रॉकरवर पसरतं, उडतं, कव्हरच्या आतल्या बाजूवर आपटतं आणि आपल्याच वजनाने परत चेंबरमध्ये उतरतं. कव्हरच्या पॅकिंगवर पंपाचा दाब नसतो. तिथे उडालेलं तेल अडवायचं असतं, बस.

मग नवं पॅकिंगही काही महिन्यांत का पाझरतं? बहुतेक वेळा दोष ब्रीदरचा असतो. पिस्टनच्या रिंगांमधून जळका वायू थोडाफार खाली उतरतोच. त्याला बाहेर पडायला कव्हरपासून एअर फिल्टरपर्यंत हा जाड पाइप दिलेला असतो. तो गाळाने तुंबला की इंजिनच्या पोटात दाब साठतो आणि मिळेल त्या सांध्यातून तेल बाहेर ढकलतो. पॅकिंग बदलणाऱ्याने हा पाइप धुतला नाही तर त्याने अर्धंच काम केलं. पाइपातून फुंकर मारून बघायला काहीच खर्च येत नाही.

पण या कामाचा खरा वेळ जातो तो खरवडण्यात. यापूर्वी एका गॅरेजमध्ये हीच गळती थांबवली होती: जुन्या पॅकिंगचे अवशेष तसेच ठेवून वर सिलिकॉनचा जाड थर ओढला होता. उन्हाळा सरायच्या आत कड पुन्हा ओली झाली. अशा कामात फसवणुकीपेक्षा वेळेची तंगी जास्त असते. गॅरेजला वेळ विकावा लागतो, आणि खरवडण्याचा वेळ कुठल्याच गिऱ्हाइकाला विकत घ्यावासा वाटत नाही. पावतीवर त्याची ओळसुद्धा नसते. घरी तो वेळ असतो. रविवारची दुपार, पार्किंगमध्ये शेजारच्या मुलांचं क्रिकेट, आणि आपण हेडच्या कडेशी वाकलेलो. आधी आतल्या पोकळ्यांवर स्वच्छ कापड दाबून बसवायचं, कारण सुटलेला एक तुकडा तेलाच्या बारीक वाटेत अडकला तर गळतीपेक्षा कितीतरी मोठं दुखणं मागे लागेल. मग लाकडाची किंवा प्लॅस्टिकची धार; लोखंडी पातं मऊ अ‍ॅल्युमिनियमला चरे पाडतं. जुनं रबर, वाळलेलं सिलिकॉन, तेलाची राळ, सगळं कणाकणाने निघतं. (फार जुन्या गाडीत हेडच्या किंवा एक्झॉस्टच्या सांध्यांना अ‍ॅस्बेस्टॉसची पॅकिंगं असू शकतात. ती कोरडी घासू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसांत जाते.) शेवटी डोळे मिटून बोट फिरवायचं. डोळ्यांना गुळगुळीत दिसणाऱ्या कडेवरचा उरलेला कण बोटाच्या टोकाला बरोबर लागतो. ही तपासणी अण्णांची.

नवं पॅकिंग कोरडंच बसतं. सिलिकॉन फक्त कोपऱ्यांत आणि जिथे दोन वेगळे भाग एकत्र येतात तिथे, टिपक्याएवढं. जास्तीचं सिलिकॉन बाहेर जेवढं दिसतं तेवढंच आतही ओघळतं आणि आतलं तेलाबरोबर पंपाच्या जाळीपर्यंत जातं. बोल्ट आधी सगळे हाताने, मग पान्याने थोडे थोडे, आतून बाहेर, आलटून पालटून. मी पाना टोकाला न धरता बोल्टच्या जवळ धरते, म्हणजे जोर आपोआप कमी लागतो. अ‍ॅल्युमिनियममधले आटे एकदा गेले की नवे आटे पाडण्याचं काम घरी होत नाही. बोल्ट बसल्याचं मनगटाला कळतं. त्यानंतरचा प्रत्येक पीळ नुकसानीचा.

चेंबरचं पॅकिंग बदलायचं असेल तर गाडीखाली जावं लागतं, आणि तिथे एकच गोष्ट सांगते: जॅकच्या भरवशावर कधीही नाही. विटा रचूनही नाही. पक्के स्टँड, सपाट जमीन, मागच्या चाकांना लाकडी पाचर, आणि जवळ कुणीतरी माणूस. बाकी काम तेच. फक्त पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टच्या भोकांपाशी आत खचलेली असते, कारण गळती थांबावी म्हणून कुणी ना कुणी ते बोल्ट वर्षानुवर्षं आवळत आलेलं असतं. ती कड लाकडावर उलटी ठेवून हातोडीने हळूहळू सपाट करावी लागते. त्याशिवाय कितीही चांगलं पॅकिंग आणा, दोन बोल्टच्या मधून तेल येणारच.

चेंबर उघडायचा म्हणजे आधी तेल काढावं लागतं, तीनेक लिटर. पूर्वी हे जळकं ऑइल कुंपणाच्या खांबांना, गोठ्याच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणून फासत. त्यात झिजलेल्या धातूंचे कण आणि जळणातून आलेली विषारी द्रव्यं असतात, म्हणून मी ते करत नाही आणि कुणी करू नये असं मला वाटतं. 2016च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं. ते पुन्हा शुद्ध करणारे परवानाधारक असतात आणि मोठी सर्व्हिस सेंटर्स त्यांना तेल देतात. तुमचं तेल झाकणाच्या डब्यात भरा, डब्यावर नाव लिहा, आणि अशा एखाद्या सेंटरला विचारून तिथे नेऊन द्या. कितीही आडवाटेला असलं तरी न्या. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या जाळीत ओतू नका. पुण्यात त्या जाळीखालचं पावसाचं पाणी ओढ्यानाल्यांतून मुळा-मुठेला जातं, मुळा-मुठा भीमेला मिळते, आणि भीमेचं ते पाणी उजनीच्या धरणात साठून सोलापूर शहर पितं.